जुन्या नाण्यांचा शोध : रविवारचा एक छंद

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मला विचारले, "काका, जमिनीतली नाणी शोधण्याचे यंत्र आता बाजारात सहज मिळते. ते घेऊन आम्ही चारपाच मित्र दर रविवारी गोवळकोंड्याच्या बाजूला गेलो तर काय हरकत आहे? मोकळी हवा मिळेल, पायपीट होईल आणि इतिहासाचा अभ्यासही होईल." प्रश्न सरळ होता व विचारणारा मुलगाही सज्जन होता. "तसे करू नकोस" एवढेच सांगून मोकळे होणे सोपे होते. परंतु कारण न सांगता केलेली मनाई तरुणांस पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून त्याला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ह्या यंत्राविषयी. धातुशोधक यंत्राच्या खालच्या टोकाला एक चकती असते व तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे चकतीच्या खाली चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्या तुकड्यातही लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. मग यंत्र आवाज करते. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी हुडकण्यासाठी असेच एक उपकरण वापरून पाहिले होते. त्याला यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा एक अधिकारी कोसात्स्की याने जमिनीत पेरलेले सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले. युद्ध संपल्यावर अशी यंत्रे सामान्य नागरिकांच्या हाती आली आणि इंग्लंड-अमेरिकेत शेतांतून व समुद्रकिनाऱ्यांवरून नाणी शोधण्याचा छंद सुरू झाला.

यंत्र धातू ओळखते, इतिहास ओळखत नाही. सातवाहनांचे शिशाचे नाणे आणि मासेमारीच्या जाळ्याचे शिशाचे वजन ह्यांत त्याला फारसा भेद कळत नाही. बाटलीचे झाकण व तांब्याचा पैसा दोन्हींवर ते ओरडते. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत लोहयुक्त खनिजांचे कण पुष्कळ असतात. त्यामुळे साधे यंत्र काहीही नसतानासुद्धा आवाज करीत राहते, आणि ऐकणारा वीतभर, मग हातभर, मग कमरेइतका खड्डा खणीत जातो.

आणि खरी हानी त्या खड्ड्यातच आहे.

मातीचे पान

जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढर म्हणतात. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. अशा पांढरीच्या टेकाडात मातीचे थर एकावर एक बसलेले असतात. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा साधा नियम. एखाद्या थरात नाणे मिळाले आणि त्याच थरात विशिष्ट प्रकारची खापरे, मणी, विटा मिळाल्या म्हणजे त्या सर्वांचा काळ एकमेकांच्या आधाराने ठरतो. नाणे तेवढे उचलून घेतले तर हातात धातूचा तुकडा येतो. जे पान वाचून त्याचा अर्थ कळला असता, ते पान मात्र फाटलेले असते. पुन्हा माती लोटून खड्डा बुजविता येतो, पण थर परत लावता येत नाहीत.

ह्याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडातलेच आहे. १९९२ साली हॉक्स्न नावाच्या खेड्यात एरिक लॉज हा गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र घेऊन शेतात गेला. त्याला सोन्याचांदीची रोमन नाणी व चमचे लागले. थोडे बाहेर काढल्यावर हा प्रकार मोठा आहे हे त्याच्या ध्यानात आले. त्याने तेथेच खणणे थांबविले व अधिकाऱ्यांना वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी येऊन उरलेला ठेवा जागच्या जागी उघडा केला, तेव्हा तो एका लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता, कोणती वस्तू कशात गुंडाळली होती, हे सगळे कळले. नाणी सुमारे १५ हजार निघाली. लॉज ह्याला व शेतकऱ्याला मोठे बक्षीस मिळाले आणि ती हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॉज ह्याचे नाव आज आदराने घेतले जाते ते त्याने हात आवरला म्हणून.

इंग्लंडात पुढे १९९६ साली अशा ठेव्यांसंबंधी नवा कायदा झाला, आणि सापडलेली किरकोळ वस्तूसुद्धा कोठे मिळाली त्याची नोंद करून घेणारी व्यवस्था १९९७ पासून सुरू झाली. म्हणजे ज्या देशात हा छंद रूढ आहे, तेथेही वस्तूइतकेच महत्त्व तिच्या जागेला देतात.

दोन ठेवे, दोन धडे

आता आपल्याकडचे पाहू. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी ह्या गावी चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा मिळाला. नाणी सव्वातेरा हजारांच्या वर होती आणि ती क्षहरात क्षत्रप नहपान ह्याची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाचे चलन गोळा करून त्यावर विजेत्याने स्वतःची मुद्रा उमटविली, हे त्यावरून स्पष्ट दिसले. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, उल्लेख असलेला शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असे त्यात म्हटले आहे. दगडावरच्या त्या विधानाला चांदीने दिलेली ही साक्ष होय.

समजा, तो ठेवा ज्याला मिळाला त्याने गुपचूप सोनाराकडे नेला असता तर? चांदीचा एक गोळा झाला असता. किंवा एकेक नाणे वेगवेगळ्या गिऱ्हाइकाला विकले गेले असते तर? दुहेरी ठशाचे एखाददुसरे नाणे कोणाच्या तरी संग्रहात चमत्कार म्हणून राहिले असते. हजारो नाणी एकत्र अभ्यासिली गेली म्हणूनच तो प्रकार अपवादाचा नसून राज्यकर्त्याच्या धोरणाचा होता, हे सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण हैदराबादकरांना अधिक जवळचे आहे. गोदावरीच्या काठी, पूर्वीच्या करीमनगर व आताच्या जगित्याल जिल्ह्यात, कोटिलिंगाल हे गाव आहे. १९७० नंतरच्या काळात तेथे जमिनीवर उघडी पडलेली नाणी एका स्थानिक हौशी संग्राहकाने जमविली व ती डॉ. पी. व्ही. परब्रह्म शास्त्री ह्या आंध्र प्रदेशाच्या पुरातत्त्व खात्यातील विद्वानांच्या नजरेस आणली. त्यांत गोबद, नारन, कंवायसिरी, समगोप अशा पूर्वी अज्ञात असलेल्या राजांची नाणी होती, आणि त्यांच्याबरोबर छिमुक सातवाहन असे नाव असलेलीही होती. सातवाहन कुळाचा पहिला पुरुष म्हणून पुराणांत आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखात ज्याचे नाव येते, तो सिमुक हाच, असे पुष्कळ अभ्यासकांनी मानले.

ह्याचा परिणाम काय झाला? सातवाहनांचे मूळ पैठण-जुन्नरच्या बाजूचे की तेलंगणातले, ह्या जुन्या वादाला नवे तोंड फुटले. आपण हैदराबादचे मराठी लोक ह्या वादाच्या बरोबर मध्यावर राहतो. पैठण आपले आणि कोटिलिंगालही आपलेच. गोदावरी दोन्ही गावांना भिजवून जाते. वादाचा निकाल काहीही लागो. तो चालतो तो "हे नाणे अमुक गावी, अमुक काठावर मिळाले" ह्या एका वाक्याच्या बळावर. हीच नाणी मुंबईच्या एखाद्या दुकानात विनापत्ता मिळाली असती, तर छिमुकाचे नाव कळले असते, पण त्याचा तेलंगणाशी संबंध कोणालाच सांगता आला नसता. सातवाहनांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत व दुसऱ्या बाजूस द्राविड वळणाची भाषा आहे, हेही येथे आठवते. दोन भाषांच्या सीमेवर राहणे हे दोन हजार वर्षांपूर्वीही ह्या मुलुखाला नवे नव्हते.

गावातच राहिलेले संग्रह

यंत्राशिवाय केवळ नजरेने व चिकाटीने काय साधते, ह्याची दोन उदाहरणे जुन्या हैदराबाद संस्थानातीलच आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पश्चिमेकडील देशांशी व्यापार करणारे हे मोठे गाव. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी पांढरीवर मिळणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर जमविल्या. त्यांच्या संग्रहातील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे, म्हणून अभ्यासक दुरून तेरला येतात. पैठणला बाळासाहेब पाटील ह्यांनी असेच काम केले. दोघांच्या नावांची सरकारी संग्रहालये त्या त्या गावी आज उभी आहेत.

त्यांच्या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वरवर वेचलेल्या वस्तूचा थर कळत नाही. पण वस्तू गावाबाहेर गेली नाही, विकली गेली नाही, आणि "ही तेरची", "ही पैठणची" एवढी ओळख तिच्याजवळ कायम राहिली. हौशी माणसाने केलेली ही सेवा लहान नव्हे.

कायदा काय सांगतो

काहींना वाटते की जमीन आपली किंवा मित्राची असली म्हणजे खणण्यास अडकाठी नाही. तसे नाही. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, की काय सापडले, कोठे व केव्हा सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळविल्यास सापडणाऱ्याचा हक्क बुडतो व कैदेची शिक्षाही होऊ शकते. कळविणाऱ्याचा हक्क मात्र कायदा मान्य करतो, आणि सरकारने ठेवा घेतल्यास त्याचा मोबदला देण्याची तरतूद त्यात आहे. तेलंगणातही सापडलेल्या धनाची वर्दी महसूल अधिकाऱ्यांनाच द्यावी लागते.

१९५८ च्या कायद्यानुसार गोवळकोंड्यासारख्या संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू होय. तिचा व्यापार करावयास परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. परदेशातील मुलाला भेट म्हणून आजोबांचे जुने रुपये धाडणाऱ्या कुटुंबांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. १९०३ सालचा चारमिनार रुपयाही आता शंभरी ओलांडून ह्या कायद्याच्या कक्षेत आलेला आहे.

गुप्तधनाच्या नादाविषयी एक शब्द. गढ्या, पडकी देवळे व किल्ले मांत्रिकाच्या सांगण्यावरून रात्री उकरणारे लोक मराठवाड्यात व तेलंगणात अजून आहेत. आता त्यांच्याही हाती यंत्रे आली आहेत. आपला तरुण हातात यंत्र घेऊन रविवारी पांढरीवर उभा राहिला, तर गावकरी त्याला त्याच मंडळींत धरतील, आणि त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

मग छंद कसा करावा?

छंद जरूर करावा. सुरुवात घरातून करावी. हैदराबादच्या बहुतेक जुन्या मराठी घरांत एखाद्या डब्यात हाली शिक्के असतात. संस्थानाचे चलन ते हाली व इंग्रजांचे ते कळदार. सात हालीला सहा कळदार हा भाव जुन्या पिढीच्या तोंडी होता. मराठवाड्यातला माणूस पुण्या-मुंबईस निघाला की आधी पैसे बदलून घेई. १९५० च्या दशकात हे चलन बंद झाले.

हे शिक्के वाचणे कठीण नाही. १८५८ पूर्वीच्या निजामी नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. बादशाही गेल्यावर निजामुल्मुल्क आसफजाह हे नाव आले व त्याबरोबर ९२ हा आकडा दिसू लागला. अरबी अक्षरांना ठरावीक संख्या असतात. 'मुहम्मद' ह्या नावातील चार अक्षरांची बेरीज ४०, ८, ४० व ४ मिळून ९२ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेला चारमिनारचा रुपया आला. त्याच्या कमानीत एक लहान अक्षर आहे. 'मीम' असेल तर नाणे मीर महबूब अली खान ह्यांचे, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान ह्यांचे. नाण्यावरील हिजरी सनातून त्याचे शेकडा तीन वजा करून ६२२ मिळविले की इसवी सन जवळपास येतो. १३२१ मधून सुमारे ४० वजा केले तर १२८१ उरतात. त्यांत ६२२ मिळविले की १९०३.

लहान मुलांसाठी तर खिशातली नाणीही पुरेत. सालाच्या खाली पाच टोकांचा तारा असेल तर ते नाणे हैदराबादच्या टाकसाळीचे, चौकोनी हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबईचे, ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे.

माझ्या हातून लहानपणी झालेली एक चूक सांगतो. आजोबांच्या पेटीतले एक तांब्याचे नाणे मी चिंच आणि राख लावून देवाच्या भांड्यांबरोबर लख्ख घासले. शाबासकी मिळेल असे वाटले होते. पुढे नाणी पाहणाऱ्या एका गृहस्थांनी ते भिंगाखाली धरले व नुसती मान हलविली. अक्षरांच्या कडा मी घासून टाकल्या होत्या. ते कोणाचे नाणे, हे आता कधीच कळणार नाही. म्हणून सांगतो, जुने नाणे घासू नये. कडेला धरावे, कोरडे ठेवावे आणि प्रत्येकाला वेगळी कागदी पुडी करावी.

त्यानंतर वही. नाण्याला क्रमांक द्यावा. धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंची अक्षरे व चित्रे लिहावीत आणि शक्य तर छायाचित्र लावावे. शेवटी सर्वांत महत्त्वाचा रकाना : हे कोठून आले? कोणत्या गावाहून, कोणाकडून, कोणत्या निमित्ताने? हा रकाना जाणत्या माणसांना विचारूनच भरता येतो, आणि ती माणसे आहेत तोवरच.

बाजारात जाणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. "पाया खणताना मिळाले" असे कानात सांगून कोणी सोन्याच्या मोहरा दाखवू लागला तर तेथे थांबू नये. ठेवा खरा असला तर तो चोरीचा आणि खोटा असला तर फसवणूक. तसेच जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याच्या जाहिरातींना भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली आपल्या नावावर चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले होते.

रविवारच्या सहली करावयाच्या तर जागांना तोटा नाही. बाग-ए-आममधील राज्य संग्रहालयाचा नाणेसंग्रह लाखांच्या घरात मोजला जातो. सैफाबादच्या जुन्या टाकसाळीत २०२२ पासून संग्रहालय आहे. संगारेड्डी जिल्ह्यातील कोंडापूरला संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९४० च्या सुमारास उत्खनन केले. तेथील संग्रहालय एका दिवसात पाहून परत येता येते. लांबचा बेत असेल तर तेर व पैठण आहेतच, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून काम करीत आहे. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी कोणता दिवस सुट्टीचा आहे, ते मात्र विचारून घ्यावे.

आणि फिरताना, शेत नांगरताना, घराचा पाया खणताना खरोखरच काही दिसले तर? हात आवरावा. जागेची खूण करावी, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, काही धुऊ नये, आणि तहसील कचेरीस व पुरातत्त्व खात्यास लेखी कळवून पोच घ्यावी.

त्या विद्यार्थ्याला हे सारे सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला. यंत्राच्या गोष्टीत जी गंमत होती ती वहीच्या गोष्टीत कोठून असणार! पण महिन्याभराने तो पुन्हा आला तो एक कापडी बटवा घेऊन. त्यात आजीचे सात हाली रुपये होते. वहीच्या शेवटच्या रकान्यात त्याने लिहिले होते : "आजी लहान असताना तिच्या वडिलांनी नांदेडच्या बाजारात कापूस विकून आणले. सहा कळदार होतील म्हणून सात मोजून ठेवले. ते बदलायचे राहून गेले." त्याच्या आजीने हे आजवर कोणालाच सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.